कडीबाईंचा सुडो

पाणीपुरवठा खात्याच्या नकाशाखोलीतल्या बाईंना सगळे कडीबाई म्हणत. तोंडावर नव्हे, तोंडावर नुसतं बाई. पण त्यांना ते माहीत होतं आणि खरं सांगायचं तर त्यांना त्यात काही वावगंही वाटत नव्हतं. एकोणतीस वर्षांत जिने एक नकाशा हरवू दिला नाही, तिला लोकांनी काय फुलबाई म्हणायचं?

कडी लावायची, ती ओढून बघायची, दोन पावलं पुढे जायचं आणि परत फिरून पुन्हा एकदा ओढायची, ही त्यांची रीत. घरी नवरा म्हणायचा, "अगं, ओढून ओढून ती सैल होईल, मग खरंच चोर येईल." नवरा निवृत्त बसकंडक्टर. त्याने जन्मभर अनोळखी माणसांना आत घेतलेलं, म्हणून त्याचा जगावर विश्वास. बाईंनी जन्मभर ओळखीच्या माणसांना दाराबाहेर उभं केलेलं, म्हणून त्यांचा नाही. दोघांचा संसार झकास चालला होता.

नकाशाखोली पहिल्या मजल्यावर, जिन्याला लागून होती. लोखंडी कपाटं, त्यांना आडवे चपटे खण, आणि खणांत शहराच्या पोटातली आतडी: कुठून किती इंची नळ गेला, कुठे वळला, कुठे त्याला व्हॉल्व्ह आहे. नकाशा हवा असेल त्याने रजिस्टरात नाव, वेळ आणि कारण लिहून सही करायची. कारणाच्या रकान्यात कुणी 'बघण्यासाठी' लिहिलं की बाई रजिस्टर त्याच्याकडे परत सरकवायच्या. "बघण्यासाठी म्हणजे? हा सिनेमा आहे का?"

याचा सर्वांत जास्त जाच चावीवाल्याला. चावीवाला म्हणजे रस्त्यातले व्हॉल्व्ह उघडबंद करणारा माणूस. पुरुषभर उंचीची लोखंडी चावी खांद्यावर टाकून तो दिवसभर सायकलवर हिंडायचा. त्याचे हात कायम ओले. नकाशाखोलीत आला की बाई आधी फडकं पुढे करायच्या, मग रजिस्टर, मग नकाशा. चावीवालाही मुकाट्याने हात पुसायचा. तीस वर्षं पाण्याशी भांडलेल्या माणसाला बाईंशी भांडायची हौस उरली नव्हती.

मग नकाशांचे फोटो काढून ते संगणकात भरायचं ठरलं. या कामाला दीड वर्ष लागलं. संगणकात लिनक्स घालायचं असं साहेबांनी ठरवलं, कारण ते फुकट मिळतं आणि त्याला व्हायरस लागत नाही असं त्यांच्या मेव्हण्याने त्यांना जेवताना सांगितलं होतं. एवढं झाल्यावर, या संगणकाची व्यवस्था बघायची कुणी असा प्रश्न आला. साहेबांनी खोलीभर नजर फिरवली. ड्राफ्ट्समनला एकाएकी खिडकीबाहेर काहीतरी दिसलं. लेखनिकाने पेन्सिलीला टोक करायला घेतलं. उरल्या बाई.

"साहेब, मला तो सुरू करता येतो आणि बंद करता येतो," बाई म्हणाल्या. "मधलं काही येत नाही."

"मधलं शिकवायला माणूस येणार आहे. मला 'नाही' म्हणता येणारं कुणीतरी हवंय. आणि तुमच्याइतकं मनापासून नाही म्हणणारं या खात्यात कोण आहे?"

बाईंनी लगेच नाही म्हणून दाखवलं. साहेब म्हणाले, "बघा! हेच म्हणतो मी."

शिकवायला जी आली ती जेमतेम सव्वीस वर्षांची मुलगी. आवाज इतका मऊ की बाईंना पहिला तासभर वाटलं, ही स्वतःशीच बोलतेय. बाईंनी तिचं नाव मास्तरीण ठेवलं आणि समोर नवी वही उघडून ठेवली.

"ताई, हे मशीन एकाचं नसतं," मास्तरीण म्हणाली. "प्रत्येकाचं वेगळं खातं काढायचं. वेगळं नाव, वेगळा पासवर्ड, सामान ठेवायला वेगळा फोल्डर."

"खात्यात आणखी खाती. बरं."

"आणि सगळ्यांच्या वर एक असतो, रूट. तो इथला सर्वेसर्वा. त्याला कुणी अडवत नाही. तो म्हणेल ते पुसलं जातं, चुकून म्हणाला तरी. म्हणून रूट होऊन कधी बसायचं नाही. आपल्याच नावाने बसायचं, आणि अगदी गरजेच्या एका हुकमापुरतं त्याचं बळ उसनं घ्यायचं. हुकमाच्या आधी लिहायचं, सुडो."

"सूड?"

"सुडो."

"घेते," बाई म्हणाल्या आणि त्यांनी वहीत लिहून घेतलं.

मग मास्तरणीने पडद्यावर फायलींची यादी काढली. प्रत्येक नावाच्या डावीकडे दहा खुणांची ओळ, काही इंग्रजी अक्षरं, काही नुसत्या आडव्या रेघा. बाईंना ती एखाद्या नवख्याने शिवणयंत्रावर टाकलेल्या टिपेसारखी वाटली. मास्तरणीने पेन्सिलीचं टोक ठेवून एकेक उलगडून सांगितली. पहिली खूण सांगते ही फाइल आहे की फोल्डर. पुढे तीन-तीन खुणांचे तीन गट. पहिले तीन मालकाचे, दुसरे तीन मालकाच्या ग्रुपचे, तिसरे तीन उरलेल्या जगाचे. आर असेल तर वाचता येतं, डब्ल्यू असेल तर लिहिता येतं, एक्स असेल तर चालवता येतं. रेघ असेल तर तेवढी परवानगी नाही.

"आता आकडे. वाचायचे चार, लिहायचे दोन, चालवायचा एक. बेरीज करायची. सहाशे चाळीस म्हणजे काय?"

बाईंनी बोटांवर मोजलं. "मालकाला सहा. चार आणि दोन. वाचा, लिहा. ग्रुपला चार. नुसतं वाचा. आणि..." त्या थांबल्या. "उरलेल्या जगाला शून्य?"

"शून्य."

जगाला शून्य. बाईंनी वहीत ते मोठ्या अक्षरांत लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या.

दुपारी फोल्डरचा एक्स आला. फोल्डर काही चालवायचा नसतो, त्याला एक्स म्हणजे आत पाऊल टाकायची परवानगी, असं मास्तरीण म्हणाली. आर म्हणजे आत काय काय आहे त्याची यादी वाचायची परवानगी. दोन्ही वेगवेगळ्या.

"म्हणजे आत शिरता येतं पण चाचपडता येत नाही, असं करता येतं?" बाईंनी विचारलं. "ज्याला नेमकं नाव ठाऊक आहे त्याने त्याची वस्तू घ्यावी आणि निघावं?"

"येतं. फक्त एक्स द्यायचा, आर काढायचा."

बाईंनी त्या मशीनकडे नव्याने बघितलं. एकोणतीस वर्षं त्या माणसांना जे समजावत होत्या, ते या डब्याला जन्मतःच ठाऊक होतं. "हे ज्याने केलं ना," त्या म्हणाल्या, "त्याच्या घरची कडी नक्की दोनदा ओढलेली असणार."

हुकमांची नावं मात्र त्यांच्या जिभेवर बसेनात. परवानग्या बदलायचा हुकूम त्या 'चमोद' असा वाचायच्या आणि मालक बदलायचा 'चोन'. चमोद हा थोरला आणि चोन धाकटा, अशी दोन भावंडं त्यांनी मनाशी बसवून टाकली. मास्तरणीने दोनदा उच्चार सुधारला, तिसऱ्यांदा तीच चमोद म्हणाली.

रात्री जेवताना त्यांनी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो ऐकता ऐकता म्हणाला, "आणि या घरात मला काय काय आहे?"

"स्वयंपाकघरात आर आणि एक्स. या, बघा. डब्ल्यू नाही. डबे हलवायचे नाहीत."

नवऱ्याने त्याच आठवड्यात साखरेचा डबा मिठाच्या जागी ठेवला होता, त्यामुळे तो मान खाली घालून पाणी प्यायला.

तीन दिवसांनी मास्तरीण गेली. जाताना म्हणाली, "माझंही एक व्यवस्थापकाचं खातं ठेवलंय, कधी अडलं तर उपयोगी पडेल." बाई मान डोलावून हसल्या. संध्याकाळी मात्र त्यांनी ते खातं बंद करून टाकलं. पाहुणा घराबाहेर पडला आणि किल्ली त्याच्याच खिशात, हे त्यांच्या बुद्धीला पटणारं नव्हतं.

पहिला आठवडा कठीण गेला. ज्याच्या त्याच्या पडद्यावर एकच वाक्य, परवानगी नाही. ड्राफ्ट्समनला नकाशे दिसेनात, लेखनिकाला फोल्डरच उघडेना. दोघेही दर दहा मिनिटांनी बाईंच्या टेबलाशी. ड्राफ्ट्समन हा खात्यातला जाणता माणूस, म्हणजे त्याने असल्या गोष्टींवरचे दोन व्हिडिओ पाहिले होते. तो म्हणाला, "बाई, एवढा घोळ कशाला? तीन सत्ते टाका. सातशे सत्त्याहत्तर. सगळ्यांना सगळं. काम मोकळं."

"सगळ्यांना सगळं?" बाईंना शब्दच उच्चारवेना. पण वैताग माणसाकडून काय करवून घेईल सांगता येत नाही. त्यांनी त्यातल्या त्यात तोड काढली: फोल्डरांना तीन सत्ते, पण आतल्या नकाशांना नुसतं वाचायची परवानगी. चारशे चव्वेचाळीस. दारं सताड उघडी, पण कागदावर कुणाला रेघ मारता येणार नाही. आपल्या हुशारीवर त्या इतक्या खूष झाल्या की त्या दिवशी कडी एकदाच ओढून घरी गेल्या.

तीन आठवडे सुखात गेले. मग एका मंगळवारी ड्राफ्ट्समनला आवराआवरीची लहर आली. 'जुने' नावाच्या फोल्डरात चौदा नकाशे होते. जुने म्हणजे टाकाऊ, असं समजून त्याने ते साफ पुसून टाकले. ते टाकाऊ नव्हते. जुन्या बाजारपेठेखालचे होते.

बाईंनी मास्तरणीला फोन लावला. आवाज चढलेला. "तू तर म्हणालीस लिहायची परवानगी नसेल तर हात लावता येत नाही! मग याने पुसले कसे?"

"फोल्डरला काय दिलं होतं, ताई?"

"...तीन सत्ते."

"पुसणं हा कागदाचा प्रश्न नसतो, खोलीचा असतो," ती तशाच मऊ आवाजात म्हणाली. "कागदावर लिहिता येत नसेल, पण खोलीत डब्ल्यू असेल तर तो कागद उचलून बाहेर फेकता येतो. तुमच्या खणात बाहेरची डिस्क आहे बघा, तिच्यावर सगळ्याची एक प्रत ठेवलीय."

नकाशे परत मिळाले. पण दुधाने तोंड पोळलं होतं, आता बाई ताकही फुंकून पिणार होत्या. त्यांनी चोनला बोलावून सगळ्या नकाशांचा मालक रूट केला आणि चमोदला सांगून फोल्डरांवर सातशे बसवलं. मालकाला सगळं, ग्रुपला शून्य, जगाला शून्य. आता खुद्द बाईंनासुद्धा नकाशा उघडायचा तर सुडो म्हणून पासवर्ड घालावा लागे. स्वतःवर तरी विश्वास का ठेवा? संगणक आल्यावर बंद केलेलं रजिस्टर पुन्हा टेबलावर आलं. चावीवाला आला की आधी फडकं, मग रजिस्टर, मग बाई पासवर्ड टाइप करणार, आणि टाइप करताना त्याने भिंतीकडे बघायचं.

"बाई, मला इंग्रजी येत नाही," तो भिंतीकडे बघत म्हणायचा.

"बोटं तर दिसतात ना?"

याच सुमारास साहेबांना कळलं की मशीनमध्ये रूट नावाचं सर्वांत मोठं पद आहे आणि ते आपल्याकडे नाही. त्यांनी बाईंना बोलावून विचारलं. बाई म्हणाल्या, "साहेब, रूट म्हणजे मुळं. मुळं जमिनीखाली असतात, मातीत. तुम्हाला शेंड्यावरचं खातं देते." साहेबांच्या नावाचं खातं निघालं. त्याला नकाशांची एक वेगळी प्रत, तीही फक्त वाचायला. साहेबांनी एकदा उघडून बघितलं, आपलं नाव मोठ्या अक्षरांत आलेलं पाहून त्यांचं समाधान झालं आणि त्यांनी पुन्हा कधी त्याला हात लावला नाही. पुढे ती प्रत जागा खाते म्हणून बाईंनी काढून टाकली तेव्हाही त्यांना कळलं नाही.

पण ड्राफ्ट्समन साहेबांइतका समाधानी नव्हता. त्याने लेखी तक्रार केली. आपल्याच नकाशात एक रेघ दुरुस्त करायला दिवसातून सहा वेळा बाईंच्या पाया पडावं लागतं, असं त्यात होतं. पाया पडणं ही अतिशयोक्ती, पण सहा वेळा हे खरं. साहेबांनी बाईंना सांगितलं, काहीतरी मधला मार्ग काढा. बाईंनी वही उघडली. मधला मार्ग तीत होताच. ग्रुप.

त्या गुरुवारी सकाळी त्यांनी 'नकाशे' नावाचा ग्रुप काढला. त्यात आधी ड्राफ्ट्समनचं नाव घातलं, मग स्वतःचं. फोल्डरांचा ग्रुप बदलायचा आणि परवानगी सैल करायची ते चहानंतर, असं ठरवून त्या मशीनमधून बाहेर पडल्या. उठताना पडद्याकडे दोनदा बघितलं. मग चहा प्यायला गेल्या.

चहा अर्धा झाला असेल नसेल, खाली आरडाओरडा ऐकू आला. शाळेसमोरच्या चौकात मोठा नळ फुटला होता. रस्त्यातून पाण्याचा झोत माणसाच्या उंचीइतका वर आणि तिथून उताराने पाणी थेट चपलांच्या दुकानात. थोड्या वेळाने चावीवाला दोन दोन पायऱ्या चढत वर आला. हात ओले होते, पण आज फडक्याला वेळ नव्हता.

"बाई, त्या चौकाचा नकाशा. वरचे दोन व्हॉल्व्ह बंद केले, तरी पाणी येतंय. तिसरा एक आहे, मला माहीत आहे, पण गेल्या वेळी रस्ता केला तेव्हा डांबराखाली गेला. कुठे खणायचं ते नेमकं हवं."

बाई मशीनमध्ये शिरल्या. सुडो लिहिलं, पासवर्ड घातला. पडद्यावर एक वाक्य आलं. त्यांनी ते वाचलं, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं. या नावाच्या व्यक्तीला सुडोचा अधिकार नाही, असं ते म्हणत होतं. आणि पुढे: या घटनेची तक्रार वर कळवली जाईल.

वर म्हणजे कुणाकडे, हे ठरवणाऱ्या बाईच होत्या. तक्रार त्यांच्याकडेच यायची होती.

पासवर्ड चुकला असेल म्हणून त्यांनी पुन्हा टाकला. एकेक अक्षर दाबून, जणू जोर कमी पडला होता. तेच वाक्य. ज्या दारात त्यांनी आयुष्यभर लोक अडवले, त्याच दाराबाहेर आज त्या स्वतः उभ्या होत्या, आणि आत कुणीच नव्हतं.

"काय झालं?" चावीवाल्याने विचारलं.

"मला... परवानगी नाही म्हणतंय."

चावीवाल्याने लोखंडी चावी भिंतीला टेकवली आणि स्टुलावर बसला. तो हसला असता, चिडला असता, तर बाईंना बरं वाटलं असतं.

मास्तरीण फोनवर आली तेव्हा बाईंच्या आवाजात कडी नव्हती. "अगं, मशीनने मला काढून टाकलं."

"शेवटी काय केलं होतं, ताई?"

बाईंनी वहीतून सकाळचा हुकूम वाचून दाखवला. मास्तरीण म्हणाली, "मोठ्या जीच्या आधी बारकं ए लिहिलं नाहीत."

"एका अक्षराने काय होतं?"

"ते ए म्हणजे 'आहे त्यात भर घाल'. ते नसेल तर मशीन समजतं, 'आता एवढाच ग्रुप ठेव, बाकीचे काढ'. तुम्ही नकाशांच्या ग्रुपमध्ये शिरलात आणि सुडोच्या ग्रुपमधून बाहेर पडलात. बाहेर जाऊन परत आलात तेव्हा ते लागू झालं. ड्राफ्ट्समनकडे काढण्यासारखं काही नव्हतंच, म्हणून त्यांचं काही बिघडलं नाही. हरकत नाही, माझ्या खात्यातून शिरा."

बाईंनी डोळे मिटले. "ते मी बंद केलंय."

"कधी?"

"तू गेलीस त्याच संध्याकाळी."

आता मात्र मास्तरीण हसली, पण तेही मऊच. "बरं. मशीन बंद करून सुरू करा. सुरू होतानाच एस्केपची कळ दाबत राहा."

बाईंनी कळ दाबली ती सोडेचनात. काळ्या पडद्यावर यादी आली. मास्तरीण सांगेल तसं त्या खाली सरकत गेल्या, दुरुस्तीचा पर्याय, मग त्यातला एक, मग एक चौकोनी खूण लुकलुकायला लागली.

"आता तुम्ही रूट आहात," मास्तरीण म्हणाली.

"अशी? पासवर्ड न विचारता?" एवढ्या घाईतही बाई थांबल्या. "म्हणजे या खोलीत येऊन मशीन बंद-चालू करील तो कुणीही?"

"तुमच्या मशीनवर हो. म्हणून तर खोलीला कुलूप लागतं, ताई."

खाली दुकानात चपला पोहत होत्या, साहेबांचा फोन वाजत होता, आणि तरी त्या क्षणी बाईंना एकोणतीस वर्षांच्या नोकरीचं सार्थक झाल्यासारखं वाटलं. मग चावीवाल्याने घसा खाकरला आणि त्या भानावर आल्या. मास्तरणीने अक्षर अक्षर सांगितलं, बाईंनी अक्षर अक्षर लिहिलं, बारकं ए दोनदा तपासलं. मशीन पुन्हा सुरू झालं. सुडो. पासवर्ड. चौकाचा नकाशा उघडला.

पासवर्ड टाइप करताना चावीवाला आपणहून भिंतीकडे वळला होता. ते बाईंना नंतर, घरी गेल्यावर आठवलं आणि त्यांना झोप लागेना.

"शाळेच्या कुंपणाच्या कोपऱ्यापासून साडेचार मीटर, रस्त्याच्या बाजूला," बाईंनी वाचलं. "गटाराच्या झाकणाच्या रेषेत."

चावीवाला चावी उचलून दारापर्यंत गेला आणि तिथेच थांबला. "कुंपणाचा कोपरा कोणता?"

"कोणता म्हणजे? एकच आहे."

"रस्ता रुंद केला तेव्हा कुंपण आत सरकवलं. चांगलं दोन मीटर. हा नकाशा त्याच्या आधीचा असणार. म्हणजे आताच्या कोपऱ्यापासून साडेसहा धरायला हवेत." त्याने हवेत हाताने माप घेतलं. "बरोबर. तिथेच ती डांबराची थिगळं आहेत." आणि तो गेला.

साडेसहा मीटरवर पहारीचा तिसरा घाव लोखंडावर वाजला. तोवर नळ फुटून जवळजवळ तास झाला होता. दुकानदाराने चपला गोळा केल्या तेव्हा डावे जोडे एकीकडे आणि उजवे भलतीकडेच निघाले, ते जुळवायला त्याला दोन दिवस लागले. तेवढ्यावर निभावलं.

बाईंनी काही लपवलं नाही. दुसऱ्या दिवशी साहेबांच्या टेबलावर त्यांच्या हस्ताक्षरातला दीड पानी अहवाल होता. साहेबांनी तो वाचला, मग बाईंकडे बघितलं.

"म्हणजे तुम्ही तुम्हालाच काढून टाकलंत?"

"हो साहेब."

"आणि परत कुणी घेतलं?"

"मीच."

"मग कारवाई कुणी कुणावर करायची?"

साहेबांनी अहवालावर 'पाहिला' असं लिहून तो फाइलला लावला.

पुढच्या आठवड्यात बाईंनी जे काही केलं ते त्यांच्या स्वभावाला धरून नव्हतं, आणि करताना त्यांचा चेहरा औषध घेतल्यासारखा होता. मास्तरणीचं खातं पुन्हा उघडलं. दुसरा व्यवस्थापक म्हणून ड्राफ्ट्समनला सुडो दिला. देण्याआधी त्याच्याकडून 'जुने म्हणजे टाकाऊ नव्हे' हे वाक्य तीनदा म्हणवून घेतलं. नकाशांचा मालकही त्यालाच केला, ग्रुप नकाशांचा, आकडा सहाशे चाळीस. फोल्डरांना सातशे पन्नास. लेखनिक ग्रुपमध्ये, वाचायला.

मग त्यांनी चावीवाल्याला बोलावलं आणि त्याच्यासमोर मशीन ठेवलं.

"मला? मी काय करू याचं?"

"तुमचं खातं काढलंय, ग्रुपमध्ये घातलंय. नकाशे तुम्हाला कधीही बघता येतील. मला विचारायचं नाही. आणि ही एक फाइल तुमची. कुंपण कुठे सरकलं, डांबराखाली काय गेलं, नकाशात काय चुकलंय, जे जे तुम्हाला माहीत आहे ते इथे लिहायचं. सहाशे चव्वेचाळीस. म्हणजे तुम्ही लिहायचं, आम्ही सगळ्यांनी वाचायचं."

"तुम्हीपण?"

"मीपण."

चावीवाल्याने फडक्याला हात पुसले, न सांगता. मराठी टाइप करायला लेखनिकाने त्याला दोन दुपारी शिकवलं. तो एका बोटाने लिहायचा. पहिली ओळ लिहायला अर्धा तास लागला: 'शाळेजवळचा व्हाल डांबराखाली गेला होता तो मी वर काडला.'

बाईंनी ती ओळ वाचली. 'काडला' पाशी त्यांचे डोळे अडकले. पुन्हा पुन्हा तिथेच जाऊन आपटायला लागले. सुडो म्हटलं असतं तर दोन सेकंदांचं काम होतं, त्याला कळलंही नसतं. बाईंनी बोटं कळांवर ठेवली. काही वेळ ठेवली. मग उचलून मांडीवर घेतली.

दुसऱ्या दिवशी त्या शक्य तितक्या सहज स्वरात म्हणाल्या, "चावीवाले, तो 'काढला' आहे ना, त्यात ढ असतो. ढगातला."

"का? काय झालं ते कळलं नाही का?"

"कळलं."

"मग राहू द्या की," चावीवाला म्हणाला आणि सायकल काढून निघून गेला.

वर्षभरात त्या फायलीत त्रेसष्ट ओळी झाल्या. कुठे पुलाच्या कामात नळ फूटभर सरकला होता, कुठे कागदावरचा व्हॉल्व्ह कधी बसवलाच नव्हता, कुठे कागदावर नसलेला एक पिंपळाच्या मुळांत अडकून बसला होता. त्यावरून ड्राफ्ट्समनने एक्केचाळीस नकाशे सुधारले. त्रेसष्टच्या त्रेसष्ट ओळींत जिथे जिथे व्हॉल्व्ह तिथे तिथे व्हाल, आणि जिथे जिथे काढला तिथे तिथे काडला. शेवटी एक दिवस ड्राफ्ट्समन वैतागून बाईंच्या टेबलाशी आला.

"बाई, निदान त्या व्हालचं व्हॉल्व्ह करून टाका हो. वाचून वाचून मी परवा नकाशावर व्हाल लिहिलं."

"मला परवानगी नाही," बाई म्हणाल्या आणि त्यांनी त्याच्यापुढे रजिस्टर सरकवलं.